सखूचा शिधा

दर्शनाने कोंड्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि जी किंचाळली ती कुवारबावच्या रिक्षास्टँडपर्यंत ऐकू गेली.

"वैनीऽ! काय वळवळतंय गो ह्यां?"

मालन तेव्हा गिरणीत होती. गिरण म्हणजे घरासमोरच्या अंगणापलीकडची पत्र्याची खोली. पट्टा सुरू असला की तिथे शेजारी बॉम्ब फुटला तरी कळत नाही. तिला दिसली ती हात झटकत अंगणातून धावत येणारी दर्शना. दर्शना शेजारीण. कोंबड्यांना कोंडा हवा असला की मालनच्या पडवीतल्या पोत्यातून न विचारता घ्यायचा, हा तिचा जुना हक्क. आज पोत्याशेजारी जाळीच्या झाकणाचा नवा डबा दिसला. नव्या डब्यातला कोंडा चांगला असणार, असं तिला वाटलं.

मालनने पट्टा बंद केला. "अळ्या त्या. पाळल्यात."

"पाळल्यात?"

"सखूसाठी. आमच्या सुनेच्या."

"गिरणीवाल्याच्या घरात अळ्या पाळल्यात!" दर्शना एवढ्या मोठ्याने म्हणाली, की दळण घेऊन उभ्या असलेल्या तिघी बायकांनी आपापल्या डब्यात डोकावून पाहिलं.

आता ही सखू कोण, ते सांगायला हवं. मालनच्या मुलाचं, सुजयचं लग्न ठरत होतं तेव्हा पूर्णगडची सानिका बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाली होती, "माझी एकच अट आहे. सखू माझ्याबरोबर येणार."

"सखू कोण?" मालनने विचारलं.

"कोळीण आहे. बारावीत असल्यापासून माझ्याजवळ आहे. कुणाला त्रास नाही तिचा, आपल्या कोपऱ्यात बसून असते."

सानिकाचे वडील तेवढ्यात छताचा पंखा न्याहाळायला लागले. तेव्हाच मालनला शंका यायला हवी होती. पण तिला वाटलं, पूर्णगडची पोर, कोणी म्हातारी कोळीण घरात सोबतीला असेल, जीव जडला असेल. शिवाय कोळीण घरात आली म्हणजे मासळीची चिंता मिटली. पापलेट आणि सरंगा यांतला फरक सांगणारं हक्काचं माणूस! मालनने मागची खोली झाडून घेतली, नवी चटई आणली, म्हातारीला रात्री लागेल म्हणून तांब्याभांडं ठेवलं. आणि लग्नानंतर सानिका गाडीतून उतरली ती काचेची पेटी छातीशी धरून. आत तळहाताएवढी, केसाळ, तपकिरी, आठ पायांची कोळीण.

टॅरंटुला म्हणतात तिला, हे मालनला नंतर कळलं. त्या दिवशी ती फक्त एवढंच म्हणाली, "हिला चटई नको असेल."

मालन घाबरणाऱ्यातली नव्हतीच. नवरा गेला तेव्हा गिरण विकून टाक म्हणून सगळा गोतावळा मागे लागला होता. तिने पदर खोचला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन गिरणीच्या दगडाला टाकी लावली. सुजय लोट्याला केमिकल कंपनीत, राहायलाही तिकडेच, सुटीला घरी. म्हणजे घरात सासू, सून आणि सखू. सानिका दिवसभर लॅबमध्ये कामाला जायची, तेव्हा सखूकडे बघायला मालनच.

बघता बघता मालनने तिच्या घरात लक्ष घातलं. सानिकाने पेटीत लपायला प्लास्टिकची गुहा ठेवली होती. मालनने ती काढून करवंटी उपडी घातली. "कोकणात राहून प्लास्टिकात कशाला राहील ती?" खाली नारळाच्या सोडणाचा भुसा, वाळवून, चाळून. पावसाळ्यात त्याला बुरशी धरायला लागली तेव्हा झाकणाला जास्तीची भोकं पाडून दिली. एकदा तिने पेटी माळ्यावर ठेवायचं सुचवलं तर सानिका दचकली. "उंची नको आई. पडली तर पोट फुटतं तिचं." तेव्हापासून पेटी मालनच्या शिवणयंत्रावर.

राहिला प्रश्न खाण्याचा. सानिका पुण्याहून कुरियरने रातकिडे मागवायची. पावसात घाट बंद पडला आणि डबा आला तो मेलेल्या रातकिड्यांचा. सानिका रडकुंडीला आली.

"अळ्या चालतील हिला?" मालनने विचारलं.

"चालतील. पण आणायच्या कुठून?"

"तू मूठभर आण कुठून तरी. पुढचां मी बघतंय. उभा जन्म किड्यांना मारण्यात गेला माझा, त्यांना काय आवडतां तां मला न्हाय कळणार?"

सानिकाने चिपळूणच्या एका पक्षी पाळणाऱ्या मैत्रिणीकडून मूठभर पिवळ्या अळ्या आणल्या. गव्हाचा कोंडा, वर बटाट्याचे काप, पडवीतला कोरडा कोपरा. दोन-अडीच महिन्यांत डबा भरला. आठवड्यातून एकदा मालन एक अळी उचलायची, भुशात घुसू नये म्हणून तिचं डोकं चिमट्याने दाबायची आणि करवंटीच्या तोंडाशी ठेवायची. सखू बराच वेळ नुसती बसून राहायची आणि मग एकदम झडप. "जेवली गो," मालन सानिकाला फोन करून सांगायची. लॅबमधल्या लोकांना वाटायचं, घरात तान्हं मूल आहे.

तर, दर्शनाची किंकाळी. गणपती आठवड्यावर आलेले. गिरणीचं वर्ष ज्या दिवसांवर निघतं ते हे दिवस. धुऊन सावलीत वाळवलेले तांदूळ घेऊन बायका येतात, मोदकाची पिठी काढून घेतात. एकीची पिठी चिकट निघाली तर मोदक फुटतात आणि बोल गिरणीला लागतो. त्यात आता अळ्या. दुसऱ्या दिवशी गिरणीत चार डबे. तिसऱ्या दिवशी दोन. बाजाराकडच्या नव्या गिरणीसमोर मात्र रांग लागली.

सुजयचा फोन आला. "आई, सरळ नाही म्हणून सांग. दर्शनाकाकीला भास झाला म्हण."

"तिच्या हाताला चिकटल्या होत्या अळ्या. भास कसला?"

"मग काय सांगणार लोकांना?"

"हाय तां."

चौथ्या दिवशी आप्पा आले. आप्पा म्हणजे जुने जहाजावरचे खलाशी, मालनच्या नवऱ्याचे दोस्त. गिरण सुरू झाली तेव्हा पहिलं दळण त्यांनी टाकलं होतं. त्यांचा पत्र्याचा डबा कायम गिरणीतच असायचा. तांदूळ पिशवीतून यायचे, पीठ डब्यातून जायचं. त्यांनी फळीवरून डबा उचलला.

"मालन, तुझ्यावर अविश्वास न्हाय हां. पण भाकरी मोडायला घेतली की तांच डोळ्यासमोर येतां. काय करू सांग."

"घरातल्या अळ्या घरात हायत, आप्पा. गिरणीत एक दाखवा, गिरण बंद करतंय."

"ठाऊक हाय गो मला," आप्पा म्हणाले, आणि डबा घेऊन गेलेच.

मालनला लागलं. नवरा गेल्यावर गिरणीत एकटी उभी राहिली तेव्हा लोक काय म्हणतात याची तिला पर्वा वाटली नव्हती, कारण आप्पांचा डबा फळीवर होता. आज फळीवर पिठात त्या डब्याचा गोल तेवढा राहिला होता. तिने फडकं घेतलं, गोल पुसला आणि पट्टा सुरू केला. दळायला काही नव्हतं तरी.

संध्याकाळी ती घरी आली तर सानिका काचेच्या पेटीला चादर गुंडाळत होती. शेजारी बॅग भरलेली.

"कुठे चाललीस?"

"चिपळूणला मैत्रिणीकडे ठेवून येते हिला. उद्या परत येईन. तुमची गिरण बसेल आई माझ्यामुळे."

"अळ्या मी पाळल्या. तुझ्यामुळे कशी?"

सानिकाने चादरीची गाठ मारली. मग म्हणाली, "वाटाण्याएवढी होती हो, आणली तेव्हा. बाबा ओरडले. माझ्या आईने ठेवून घेतली. नावसुद्धा तिनेच ठेवलं. आजारपणात आई झोपायची त्या कॉटशेजारी ही पेटी असायची. म्हणायची, दोघी कोपऱ्यात बसून घरावर लक्ष ठेवतो." तिने काचेवरची चादर सारखी केली. "ती गेली. ही राहिली."

हे मालनला कोणी सांगितलं नव्हतं. तिने चादर सोडली, पेटी उचलून परत शिवणयंत्रावर ठेवली. सखूने एक पाय उचलून पुन्हा खाली टेकला.

"बॅग रिकामी कर," ती म्हणाली. "सुनेचां माहेर कोणी घराबाहेर काढतां काय?"

"पण गिरण?"

"गिरण माझी हाय. तिचां मी बघतंय."

सकाळी गिरणीच्या दारातला फळा तिने ओल्या फडक्याने पुसला. त्याच्यावर एरवी 'लाईट नाही' आणि 'सोमवारी बंद' याशिवाय काही लिहिलेलं नसायचं. तिने खडूने ठसठशीत लिहिलं: 'आमच्या घरात आठ पायांची कोळीण आहे. तिच्यासाठी अळ्या पाळल्या आहेत. घरात. गिरणीत नाहीत. ज्याला बघायचं असेल त्याने दोन्हीकडे बघून जावं. — मालन'

पहिल्यांदा आली दर्शना. खरं म्हणजे तिला चार दिवस झोप नव्हती. एवढी मोठी बातमी दिली आणि कोळीण स्वतः बघितलीच नाही! पाठोपाठ आळीतल्या बायका आल्या. मालनने आधी गिरण दाखवली. पट्ट्याखालची जागा, दगडाची घडवंची, पिठाची पेटी, सगळं उघडून. मग घरात नेलं आणि शिवणयंत्रासमोर उभं केलं. सानिकाने रजा टाकली होती. ती प्रश्नांना उत्तरं देत होती.

"चावते?"

"डिवचलंत तर."

"आमचा नवरा पण तसाच," दर्शना म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. जाता जाता तिने विचारलं, "वैनी, माझी पिठी आज होईल काय गो?"

डबे परत आले. सगळे नाही, पण बहुतेक. नंतरचे दिवस मालन सकाळपासून रात्रीपर्यंत पिठाने पांढरी होऊन उभी होती आणि सानिका डब्यांवर नावं लिहीत होती. फळीवर जागा पुरेना, तरी एक जागा मालनने मोकळी ठेवली. सानिकाने एकदा तिथे कोणाचा तरी डबा ठेवला, तर मालनने तो खाली काढला.

गणपतीच्या आदल्या दिवशी ती बाजारात गेली. येताना नव्या गिरणीवरून रस्ता होता. रांगेत आप्पा उभे. पायाशी तोच पत्र्याचा डबा. नंबर आला तसा त्यांनी डबा उचलायला घेतला, तो गुडघ्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. गिरणीवाला पोरगा त्यांच्याकडे पाठ करून पोतं ओतत होता. आप्पांची नजर मालनवर पडली आणि त्यांनी ती लगेच रस्त्याकडे वळवली.

पुढे निघून जाता आलं असतं. मालनने दुर्वांची पिशवी रस्त्याकडेच्या दगडावर ठेवली, डबा उचलला आणि ओट्यावर ठेवला. पट्टा खडखडत होता. ती पोराच्या कानाशी वाकली.

"भाकरीचे हायत. दोनदा काढ. आधी सैल, मग दगड आवळून. त्यांच्या तोंडात दात न्हायत, आणि ते काय तुला सांगायचे न्हायत."

पोराने मान हलवली.

"काय सांगितलंस गो त्याला?" आप्पांनी मोठ्याने विचारलं.

"घाई करू नको म्हटलां," मालन म्हणाली आणि पिशवी उचलून चालू लागली.