पाय टेकेल अशी सायकल

कस्तुराबाईच्या तोंडून शब्द निघाला की तो काळ्या दगडावरची रेघ, हे पिंगळीत सगळ्यांना ठावं होतं. शेळ्यांच्या सौद्यात भलेभले तिच्यापुढं जीभ आवरून बोलत. म्हणून तिनं महारुद्रला आण घातली तेव्हा घरात कुणी ब्र काढला न्हाई.

महारुद्र तिचा एकुलता एक. परभणीत औषधाच्या दुकानात कामाला. दर रविवारी बोकडाच्या शिंगांसारख्या वळलेल्या हँडलची रेसची सायकल काढायचा आणि सेलूपस्तोर जाऊन यायचा. मागच्या थंडीत कापसाच्या ट्रॅक्टरनं कट मारला आणि गडी सायकलीसकट नालीत. खांद्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यातच, पट्ट्यात बांधून घातलेल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली होती, "परत सायकलीवर बसलास तर माझं मेलं तोंड बघशील."

हाड जुळलं. माणूस मात्र जुळला न्हाई. कामावरून यायचा, भाकरी चिवडायचा, भिंतीला टेकून बसायचा. बायकोनं काही विचारलं की वसकन अंगावर जायचा. डॉक्टर म्हणाले, वाकून चालवू नका, पण ताठ बसून सायकल चालवा, खांदा मोकळा होईल, मनही होईल. रेसची सायकल विकायचं नाव काढलं तर हा दारातून उठून जायचा. शेवटी सून राजेश्रीच सासूपुढं उभी राहिली.

"आत्याबाई, ती राहू द्या तिथंच. दुसरी घेऊ, आरामाची. तुमी नुसतं बघायला चला. ह्यांचं असं बसणं मला बघवंना झालंय."

"बघायला काय जातंय," कस्तुराबाई म्हणाली. आण सोडते असं काही ती म्हणाली न्हाई, आणि सुनेनंही ते ओळखलं.

परभणीत स्टेशनजवळच्या गल्लीत दत्तरावचं सायकलीचं दुकान. त्यानं एक निळी सायकल पुढं ओढली. हँडल सरळ, टायर रेसच्या सायकलीपेक्षा जाड, सीट रुंद.

"मावशी, ही हायब्रीड. रेसची न्हाई आणि दूधवाल्याची पण न्हाई, मधली."

"हायब्रीड?" कस्तुराबाईनं सीट अंगठ्यानं दाबली. "हायब्रीड ज्वारीच्या भाकरी लय खाल्ल्या आमी. पोट भरायचं, पण जिभेला खबर लागायची न्हाई."

"ही तशी न्हाई वो. पाठ ताठ राहती, मान वर राहती. मागून काय येतंय ते नुसती मान वळवली की दिसतंय."

हे शेवटचं तिला पटलं, पण तिनं तोंडावर दिसू दिलं न्हाई. ब्रेक दाबून बघितले, टायरला नख लावलं, शेजारी उभ्या लाल सायकलीला नावं ठेवली. महारुद्र बाजूला उभा होता, पाहुण्याच्या घरी आल्यासारखा.

"दादा, बसून बघा," दत्तराव म्हणाला. "बसल्याबिगर सायकल कळत न्हाई."

महारुद्र जागचा हलला न्हाई. "मायची आण हाय."

हवा भरायला आलेला एक म्हाताराही मान वर करून बघायला लागला. राजेश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, शपथ सुटली म्हणा."

चार माणसांत शब्द मागं घ्यायचा म्हणजे कस्तुराबाईला जित्तेपणी कातडं सोलल्यागत. पण सुनेचं तोंड बघून तिनं लुगड्याचा पदर खांद्यावर घट्ट ओढला.

"सुटली," ती म्हणाली. "बस."

तिला वाटलं, पोरगं आता झेप घेईल. त्यानं झेप घेतली न्हाई. हँडल धरलं, सोडलं, हात पँटीला पुसले. मग बसला आणि गल्लीतून निघाला. राजेश्री आत दत्तरावला सीटचं विचारत राहिली. कस्तुराबाई एकटी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली.

कोपऱ्यावर मागून ऑटोनं हॉर्न दिला. साधाच हॉर्न. महारुद्र जागच्या जागी आखडला. पाय टेकायला गेला तर सीट उंच, पाय पुरंना. सायकल कलली, तो कसाबसा उतरला आणि भिंतीला चिकटून उभा राहिला. ऑटो कधीच निघून गेला होता. तरी तो तिथंच, छाती भात्यावानी खालीवर.

कस्तुराबाईनं कडेला उभं राहून हे सगळं बघितलं. आण घातली त्या दिवशी हा एका शब्दानं भांडला नव्हता. मिठावरून भांडणारा पोरगा. आणि ती गावभर मिरवत फिरली होती, माझं लेकरू माझ्या शब्दाबाहेर न्हाई म्हणून. लेकरू शब्दात नव्हतंच. भ्यालेलं लेकरू शब्दाच्या आडोशाला बसलं होतं.

तो सायकल हातानं ढकलत आला. तिच्याकडं न बघता म्हणाला, "राहू दे माय. तुजी आण मोडायला जीव होत न्हाई."

आता 'बरं' म्हटलं असतं तर तिचा शब्द राहिला असता, गावातली इज्जतही राहिली असती. राजेश्री आतून बाहेर आली. "काय झालं? एवढ्यात आलात?"

महारुद्रचं तोंड उतरलं. एकदा पडलेली शेळी चार जणांनी घेरून हाकलली तर उठत न्हाई, हे कस्तुराबाईला शिकवावं लागत नव्हतं. शेळीकडं पाठ करावी लागती, मग ती आपली आपण उठती.

"सीट उंच ठेवलीय ह्यानं, दुसरं काय होणार," ती दत्तरावच्या अंगावर गेली. "खाली घे. दोन्ही पाय भुईला टेकले पायजेत."

"मावशी, इतकी खाली घेतली तर गुडघे दुखतेत. पॅडलच्या हिशोबानं..."

"गुडघे माझ्या पोराचे. तू पाना आण."

दत्तरावनं सीट खाली घेतली. महारुद्रनं बसून दोन्ही पाय जमिनीवर ठेवले. पूर्ण तळवे. आईकडं बघितलं. तिनं आपलं तोंड मुद्दाम दुकानाकडं फिरवलं.

"आणि घंटी कुठंय हिची?" ती दत्तरावला म्हणाली. "बिनघंटीची सायकल विकायला बसलाव तुमी? राजेश्री, इकडं बघ, हे टायर हातानं दाब. तिकडं काय बघायलीस, इकडं बघ."

राजेश्री वाकून टायर दाबायला लागली. दत्तराव घंट्यांचा डबा शोधायला लागला. मागं चाकाची बारीक टिकटिक झाली आणि लांब जायला लागली. कस्तुराबाईच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या, पण तिनं मागं वळून बघितलं न्हाई. कोपऱ्यावर परत एक हॉर्न वाजला. तिनं डोळे मिटून घेतले आणि आवाज आणखी चढवला.

"ही घंटी? ही तर शेळीच्या गळ्यात पण बांधणार न्हाई मी. दुसरी दाखव."

टिकटिक थांबली न्हाई. ती भांडत राहिली.