कोरडी माती

आज बोट येऊ नये, असं सेवास्तीला मनापासून वाटत होतं. काल दिवसभर वारा इतका पिसाळला होता की सगळ्या बोटी पलीकडच्या बंदरातच अडकून पडल्या होत्या. ते पाहून तिनं देवघरातल्या संत निकोलासापुढे मेणबत्ती लावली आणि आणखी दोन दिवस वारा मागितला. खलाशांना वाऱ्यातून सुखरूप घरी आणणं हे त्या संताचं काम. त्याच्याकडे असलं मागणं आजवर बेटावरच्या कुठल्या बाईनं मागितलं नसेल. त्यालाही ते पटलं नसावं, कारण पहाटे वारा पडला आणि कॉफी उकळतेय तोवर बोटीचा भोंगा वाजला.

धक्क्यावर उन्हाळ्याचे पहिले पाहुणे उतरत होते. अजून कातडी न भाजलेले, नव्या टोप्या घातलेले, आणि उतरल्या उतरल्या मांजरांचे फोटो काढायला लागलेले. त्यांच्यात सेवास्तीची मुलगी पोपी होती. तिच्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हाताखाली चादरीत गुंडाळलेली पेटी होती. पेटी तिला आवरेना, म्हणून एका उंच परदेशी माणसानं पुढे होऊन ती उचलली, अलगद सेवास्तीच्या पायाशी आणून ठेवली आणि हसला. सेवास्तीनंही हसून मान हलवली. त्या पेटीत आज तिच्या नवऱ्याची हाडं ठेवायची होती, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक.

"बघ तरी," पोपीनं चादर बाजूला केली. "नाव कोरून घेतलंय. फोटो टोपीतलाच लावलाय, बाबांना आवडायचा तो."

"छान आहे. जरा मोठी नाही वाटत?"

"सगळ्या एवढ्याच असतात, आई."

बेटावरची दफनभूमी चिमुकली. तिथली माती कुणालाच कायमची मिळत नाही, काही वर्षांपुरती मिळते. मग एका सकाळी घरच्यांनी जमायचं, माणसाला वर काढायचं, हाडं वाइननं धुवायची, पेटीत घालून पलीकडच्या अस्थिघरात ठेवायची आणि खड्डा पुढच्यासाठी मोकळा करायचा. हाडं स्वच्छ, मेणासारखी पिवळसर निघाली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. माणूस सुटला म्हणायचा. पण माणूस जसाच्या तसा निघाला, तर तोंडावर कुणी काही बोलत नाही. घरी जाताना मात्र प्रत्येक जण त्याची पापं बोटांवर मोजतो.

चढावर स्तामाता भेटली. खांद्यावर कुदळ, कानामागे सिगारेट. गावातल्या निम्म्या लोकांना तिनं पुरलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांकडे ती जरा मापं घेतल्यासारखीच बघायची.

"दहा वाजता. वाइन जास्त आण गं. मागच्या वेळी अनेतानं चहाच्या कपात आणली होती, नवरा धुवायचा होता की चमचा, कळेना."

"स्तामाता, पुढच्या वर्षी केलं तर?"

"पुढच्या वर्षी? खालच्या आळीतला म्हातारा आजउद्या जाईल. त्याला काय माझ्या अंगणात पुरू?" स्तामातानं कुदळ दुसऱ्या खांद्यावर घेतली. "आणि मारुसो यायचीय. स्वतःहून विचारत होती, किती वाजता म्हणून."

मारुसो म्हणजे सेवास्तीची धाकटी जाऊ. तीस वर्षांत तिनं सेवास्तीच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, आणि सेवास्तीचा नवरा नोमिकोस गेला तेव्हा त्याच्या दफनालाही ती आली नव्हती.

नोमिकोस आणि मारुसोचा नवरा मिकेस हे दोघे भाऊ एकाच मचव्यावर मासे मारायचे. एका रात्री वादळ झालं आणि सकाळी मचवा परत आला, तेव्हा त्यावर नोमिकोस एकटाच होता. लाटेनं नेलं, एवढंच तो म्हणाला. भावासाठी मागे वळला नाही, असं लोक म्हणाले. दोराला हात घातलेला भाऊ त्यानं तसाच सोडला, असंही कुणीतरी म्हणालं, जणू सांगणारा मचव्यावरच बसला होता. मारुसो काहीच म्हणाली नाही. नोमिकोसनं मचवा विकला आणि तो घरांना चुना लावायची कामं करायला लागला. समुद्राकडे त्यानं जन्मभर पाठ केली. अंगावर पाण्याचा थेंब पडला तरी तो पांढराफटक पडायचा. आभाळ आलं की दारं लावून बसायचा. दर वर्षी ईस्टरच्या आधी मात्र तो भल्या पहाटे जाऊन मारुसोच्या घराची बाहेरची भिंत चुन्यानं रंगवून यायचा, न बोलावता. मारुसोनं त्याला कधी थांबवलं नाही आणि कधी पाणीही विचारलं नाही.

सेवास्तीनं त्या रात्रीबद्दल नवऱ्याला एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, याची तिला भीती वाटायची.

नोमिकोस गेला तो फेब्रुवारीत. धो धो पाऊस. खणलेल्या खड्ड्यात पाणी साचतंय, असा निरोप आला. बायका कॉफी करायला स्वयंपाकघरात गेल्या तेवढ्यात सेवास्तीनं अंगणातल्या टोमॅटोच्या वाफ्यांवरचा प्लास्टिकचा कागद काढला, पुसला आणि शवपेटीत नवऱ्याला त्यात नीट गुंडाळलं, गळ्यापासून पायांपर्यंत. वरून चादर घातली आणि फुलं पसरली. आता भिजणार नाहीस, असं ती त्याच्या कानात म्हणालीसुद्धा. त्या दिवशी तिला केवढं बरं वाटलं होतं.

मग गेल्या वर्षी कुणाच्या तरी हाडांच्या वेळी स्तामाता सहज बोलून गेली, "प्लास्टिक नसलं म्हणजे झालं. प्लास्टिकात माती माणसाला शिवतसुद्धा नाही." सेवास्ती तिथंच उभी होती. तेव्हापासून तिला धड झोप नव्हती. नवरा जसाच्या तसा निघणार, सगळं गाव बघणार, आणि तीस वर्षं कुजबुजत असलेली ती गोष्ट एका सकाळीत खरी ठरणार. ठरवणारी कोण, तर तीच, तिच्या टोमॅटोच्या कागदानं.

आणि याहून वाईट विचार वेगळाच होता. कागद नसता, तरी तो तसाच निघाला असता का?

घरी पोपीनं मृताच्या नावानं वाटायच्या उकडलेल्या गव्हांवर साखर पसरली, डाळिंबाचे दाणे लावले. सेवास्ती पांढरं कापड घड्या मोडून पुन्हा पुन्हा घालत होती.

"पोपी, एक सांगायचं होतं."

"बोल ना."

"तुझे बाबा..." तिनं बाटलीकडे पाहिलं. "वाइन गोड घेतलीय की साधी?"

"आई, तू घाबरलीयस. मी आहे ना. तुला बघवलं नाही तर बघू नकोस, धुवायचं मी बघते." पोपीनं तिच्या हातातून कापड काढून घेतलं. "सगळं नीट होईल बघ. बाबांनी कुणाचं काय वाईट केलंय?"

सेवास्तीनं वाइनची बाटली उचलून पिशवीत ठेवली.

दहाला दफनभूमीत पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. ऊन आताच चटके देत होतं. खाली निळ्या पाण्यात पाहुणे पोहत होते, त्यांच्या हसण्याचे आवाज वरपर्यंत येत होते. गावचे पाद्री पापा-निकिफोरोस धूप पेटवायचा प्रयत्न करत होते. मारुसो भिंतीशी उभी होती, काळ्या रुमालात, हात पोटाशी घट्ट धरून. सेवास्तीनं तिच्याकडे बघायचं टाळलं.

स्तामाता खणू लागली. वरची माती भुरभुरीत होती, ती झरझर निघाली. मग तिनं कुदळ ठेवली, खुरपं घेतलं आणि खड्ड्यात उतरली. कुजलेल्या लाकडाचे तुकडे वर येऊ लागले. बायका म्हणाल्या, लाकूड गेलंय, म्हणजे चांगलं आहे. पोपीनं कापड पसरलं आणि वाइनच्या बाटलीचं बूच काढलं. सेवास्तीचं सगळं ध्यान कानात गोळा झालं होतं.

खुरपं थांबलं. खालून चुरचुर असा आवाज आला, बाजारातून आणलेली पिशवी उलगडावी तसा.

स्तामातानं मान वर केली आणि नेमकं सेवास्तीकडे पाहिलं. मग नाइलाजानं तिनं कागदाचं एक टोक उचललं. आत कोट होता, बटणांसकट. कोटाच्या बाहीतून आलेला हात होता. हात काळवंडला होता, पण हातच होता, आणि त्याच्या नखांत चुना होता.

पोपीच्या हातातली बाटली कलली. एका बाईनं तिला मागे ओढलं. सगळ्यांनी छातीवर क्रूस काढला, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी खालच्या आवाजात म्हणालं, "मातीनं घेतलं नाही."

"झाका," पापा-निकिफोरोस म्हणाले. "स्तामाता, झाक ते."

सेवास्ती खड्ड्याच्या काठाला गेली. बोलली नाही तर तो पापी ठरणार, आणि बोलली तरी कोण विश्वास ठेवणार, हे तिला दिसत होतं. पण तो हात तिच्याकडे बघत असल्यासारखा वाटला, आणि तोंडातून शब्द आपोआप बाहेर पडले.

"मी गुंडाळलंय त्याला. मी. टोमॅटोवरचा कागद होता. पाऊस होता त्या दिवशी, खड्ड्यात पाणी होतं, आणि तो... तुम्हाला माहितीये तो पाण्याला किती भ्यायचा. त्याचं काही पाप नाही यात. माझी चूक आहे."

"आत्ता सुचलं हे," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"नीट बघा की मग, कागद आहे का नाही ते," स्तामाता खड्ड्यातून खेकसली. "डोळे काय घरी ठेवून आलात?"

मारुसो भिंतीपासून निघाली. बायकांनी तिला वाट दिली. तिनं वाकून खाली बराच वेळ पाहिलं. मग ती सेवास्तीच्या इतकी जवळ आली की दोघींचे रुमाल एकमेकींना लागले.

"तीस वर्षं थांबलेय मी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तो सांगत नव्हता, तू विचारत नव्हतीस. म्हटलं, निदान माती तरी मला सांगेल. तर तू तिचंही तोंड बांधून ठेवलंस."

सेवास्तीच्या मनातली सगळी भीती मारुसोनं तिच्यासमोर उघडी करून ठेवली होती, आणि ती भीती दोघींची एकच होती, हे तिला आत्ता कळत होतं.

स्तामातानं चाकूनं कागद उभा फाडला आणि हळूहळू खालून ओढून काढला. त्याची घडी करून तिनं तो आपल्या पोत्यात टाकला. पाद्रींनी क्षमेची प्रार्थना म्हटली. एकेक बाई पुढे आली, मूठभर माती टाकून "देव त्याला क्षमा करो" असं म्हणाली, काही मनापासून, काही उरकल्यासारखं. मारुसोची पाळी आली तेव्हा ती तिथं नव्हती.

"आणखी दोन वर्षं," जाताना स्तामाता म्हणाली. "म्हाताऱ्यासाठी दुसरा खड्डा शोधते मी कुठंतरी. तू एवढंच कर, रोज पाणी घाल. माती अगदी कोरडी ठणठणीत आहे. ओल पाहिजे, त्याशिवाय काही होत नाही."

"पाणी?"

"पाणीच. वाइन नको, महाग आहे."

पोपी दुपारभर रडली आणि मग झोपून गेली. मोकळी पेटी खाटेखाली सरकवून ठेवली होती, फोटो भिंतीकडे करून. ऊन उतरल्यावर सेवास्ती एकटीच दफनभूमीकडे निघाली. वाटेत लोक नेहमीसारखे बोलले, आणि त्या नेहमीसारखं बोलण्याचीच तिला धास्ती वाटली. दोन वर्षं हे असंच चालणार. दोन वर्षांनी पुन्हा ते खुरपं, पुन्हा ते सगळे डोळे, आणि तेव्हा सांगायला कागद नसेल.

फाटकाजवळच्या नळाशी मारुसो उभी होती. फुलांना पाणी घालायचे दोन पत्र्याचे डबे तिनं भरून ठेवले होते.

सेवास्ती जागीच थांबली. "तू कशाला..."

"एका डब्यानं काय होणार? माती कोरडी आहे."

"मारुसो, पुन्हा तसाच निघाला तर?"

"निघाला तर निघाला. मी इथंच असेन तेव्हा. मला बघायचंय." तिनं एक डबा उचलला. "दुसरा घे. जड आहे, सावकाश."

दोघी कबरीपाशी आल्या. सकाळची माती अजून सैल होती, उंचवट्यावर बायकांच्या मुठींचे ठसे होते. खाली समुद्र शांत पडला होता. सेवास्ती डोक्याच्या बाजूला उभी राहिली. जन्मभर तिनं या माणसाला पाण्यापासून जपलं होतं. आभाळ आलं की खिडक्या लावल्या होत्या, कोट हातात दिला होता, गेल्यावरसुद्धा त्याला गुंडाळलं होतं. डबा कलवायला तिचा हात होईना.

"नोमिकोस," ती म्हणाली, "पाणीच आहे. मी घालतेय. घाबरू नकोस."

तिनं डबा कलवला. पाणी मातीवर धबकन पडलं, खळगा झाला, आणि तिनं डोळे मिटून घेतले. पलीकडून पाण्याचा काही आवाज येत नव्हता. मारुसो तशीच उभी आहे, असं तिला वाटलं. तिनं डोळे उघडले.

मारुसो गुडघ्यांवर बसली होती, कबरीच्या पायांपाशी. तिचा डबा कललेला होता आणि पाणी जात होतं. डब्याच्या तोंडाखाली तिनं आपला तळहात धरला होता, धार एकदम त्याच्या अंगावर पडू नये म्हणून.