माईक चालूच होता

उत्तमसिंगनं दातांनी वायर सोलली, तांब्याच्या तारा पिळून कर्ण्याला जोडल्या आणि तोंडातला रबराचा तुकडा थुंकला. मांडवात पोरं सतरंज्या अंथरत होती. तंत्रशाळेचं स्नेहसंमेलन सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता आणि त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

सकाळीच वामनराव मास्तरांनी त्याचा नंगारा कार्यक्रमातून काढून टाकला होता.

"पाहुणे मोठे आहेत. तांड्यावरचं ते बडवणं होळीला ठीक आहे, इथं भावगीतं होतील. तू लाउडस्पीकर सांभाळ. ते तुझ्याइतकं कोणाला जमत नाही."

"सर, माही फूफी येऊन राह्यली आयकाले. बोरी अरबहून. तिनंच तांड्याच्या नायकाच्या हातापाया पडून नंगारा धाडला मले."

"मग भावगीतं ऐकेल! त्यात काय एवढं?"

त्यात काय एवढं! दिवसभर मोटारींना तारा गुंडाळायच्या, संध्याकाळी ड्रॉइंगचे कागद पुरे करायचे, मग होस्टेलातल्या पत्र्याच्या पेटीवर बोटं सुजेस्तोवर ताल घोटायचा. रविवार गेला भंगारातून रेडिओ जुळवण्यात. रेडिओचं वेड मास्तरांना बरं चालत होतं, कारण शाळेचा हा बंद पडलेला अँप्लिफायर त्याच वेडातून फुकट दुरुस्त झाला होता. म्हणजे पोराचे हात हवेत आणि त्याचा नंगारा नको. हा कुठला न्याय? बापाची बहीण एवढ्या लांबून येणार, तिला काय तोंड दाखवायचं? नंगारा पडद्यामागं पालथा पडला होता, तिकडं बघायचीही त्याला लाज वाटत होती.

पाहुणे येऊन बसले. भावगीतं म्हणणारा घनश्याम बाजाची पेटी घेऊन रंगमंचावर आला. उत्तमसिंगनं मशीन सुरू केलं, व्हॉल्व्ह तापू दिले आणि घनश्यामच्या तोंडासमोर माईक ठेवायला तो वाकला.

"मारो बेटा!"

'माझ्या पोरा' अशी हाक घालत त्याची फूफी बिजलीबाई गर्दीतून थेट वर आली होती. अंगावर आरसे जडवलेला फेट्या घागरा, हातभर बलोयांच्या बांगड्या. दोन होळ्या झाल्या, फूफीची गाठ नव्हती. आणि बऱ्याच दिवसांनी आपलं माणूस भेटलं की तांड्यातली बाई आधी खुशाली विचारत नाही. ती गळ्यात पडते आणि सुरात रडते. त्या रडण्यात एकेका नातेवाइकाचं नाव गुंफते, हयात असलेल्यांचं आणि गेलेल्यांचंही. बिजलीबाईनं तेच केलं. तिचा भरदार सूर दोन्ही कर्ण्यांतून बाहेर पडला आणि मांडव ओलांडून पार एसटी स्टँडापर्यंत गेला.

मांडवातली कुजबुज थांबली. पाहुण्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. बायकांच्या बाजूला कुणीतरी डोळ्यांना पदर लावला.

वामनराव धोतर सावरत धावत आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं रे? कोण गेलं?"

"कोनी नाही गेलं, सर. मी भेटलो तिले."

मास्तरांना कळायला जरा वेळ लागला. मग पांढरा चेहरा लाल झाला.

"एवढ्यासाठी हा आकांत? बंद कर आधी! समोर कोण बसलंय दिसतंय ना?"

फूफीची मिठी सुटली नव्हती. मशीन उजव्या हाताच्या टप्प्यात होतं. त्यानं बटणावर बोटं ठेवली.

"बंद कर म्हणतो ना!"

फूफी एकेक नाव घेत आता धनसिंगच्या नावाशी आली होती. धनसिंग म्हणजे उत्तमसिंगचा बाप. मागच्या पावसाळ्यात गेला, तेव्हाही फूफीला येता आलं नव्हतं. तिथं तिचा सूर एकदम चढला.

उत्तमसिंगनं मास्तरांकडं पाहिलं आणि आवाज वाढवला.