शास्त्रज्ञाचं दुःख थोडं कमी करणे

दाजी ज्या कंपनीत कामाला होते तिथे त्यांना सगळेच दाजी म्हणत. खरं तर ते एकट्या मालकाचे दाजी, मालकाच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पण मालकाने पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ‘हे आमचे दाजी’ अशी ओळख करून दिली आणि ती चिकटली. रिसेप्शनवरची मुलगी दाजी म्हणे, वॉचमन दाजी म्हणे, कॉफीचं मशीन दुरुस्त करायला येणारा माणूससुद्धा फोनवर आपल्या साहेबाला सांगे की दाजींकडे आलोय, वेळ लागेल. एका बहिणीमागे चाळीस मेहुणे. आता बहीण नव्हती. तिला जाऊन चौदा महिने झाले होते. मेहुणे मात्र तेवढेच होते.

कंपनी व्हिडिओ गेम बनवायची आणि गेममधली माणसं काय बोलतात ते दाजी लिहायचे. ऐकायला हे काम बरं वाटतं. पण गेममधली बहुतेक माणसं पहारेकरी असतात, आणि दार वाजल्यावर पहारेकऱ्याला ‘कोण आहे तिकडे?’ याच्यापलीकडे फारसं काही सुचत नाही. दाजींनी ते एकशे चौदा प्रकारे लिहिलं होतं. नव्वदाव्या प्रकारानंतर त्यांचे पहारेकरी ‘असेल कोणीतरी, जाऊ दे’ असं म्हणायला लागले. ते तसंच गेममध्ये गेलं, कारण तोवर तपासणारेही दमले होते.

या खेपेच्या गेममधला मोठा शत्रू एक शास्त्रज्ञ होता. कुठल्याशा चंद्रावर त्याची प्रयोगशाळा. बायको वारलेली. ती गेली तेव्हा तो जवळ नव्हता. गोदीच्या तोंडाशी यान आडवं लागलं होतं, ते हलवायला खाली गेला होता, तो अकरा मिनिटांनी परत आला. तेवढी अकरा मिनिटं काळ मागे नेणारं यंत्र त्याने बांधलं. अडचण एवढीच होती की यंत्राला एक अख्खा सूर्य लागायचा आणि त्या सूर्याच्या उजेडात चारशे कोटी माणसं राहत होती. शास्त्रज्ञाने सगळ्या बाजूंनी विचार केला आणि म्हणाला, चालेल. खेळाडूने नऊ लेव्हल पार करून त्याच्यापर्यंत पोचायचं आणि त्याला मारायचं.

दाजींनी काय डोकं चालवलंय, असं सगळे म्हणाले. यात डोकं अजिबात चाललेलं नाही हे एका मेहुण्याला, म्हणजे खऱ्या मेहुण्याला, माहीत होतं. चौदा महिन्यांपूर्वी रुग्णालयाच्या फाटकात आडवी लागलेली गाडी त्याचीच होती. गाडी हलवा असा तिथल्या वॉचमनचा निरोप वर आला तेव्हा तो फोनवर होता. त्याने न बोलता किल्ली पुढे केली आणि दाजी उठले.

इथवरचं मेहुण्याला ठाऊक होतं. पुढचं नव्हतं. गाडी हलवायला दाजींना चारच मिनिटं लागली होती. उरलेली सात मिनिटं ते गाडीतच बसून राहिले होते. काचा वर करून, सीट मागे ढकलून, डोळे मिटून. तीन आठवडे तिच्या खाटेशेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून पाठीचा पार भुगा झाला होता, आणि गाडीत कोणी आजारी नव्हतं.

हे त्यांना मेहुण्याला सांगायचं होतं. तो स्वतःला दोष देत हिंडतोय हे त्यांना दिसत होतं, आणि त्यातला मोठा वाटा त्याचा नाही, एवढंच त्याच्या कानावर घालायचं होतं. घरी दोनदा प्रयत्न करून झाला. एकदा मेहुण्याने टीव्हीचा आवाज वाढवला. दुसऱ्यांदा तो दाजींना नवं वॉशिंग मशीन दाखवायला घेऊन गेला आणि कपडे वाळून निघेपर्यंत दोघे त्याच्यासमोर उभे राहिले. मग दाजींनी ते शास्त्रज्ञाच्या तोंडी घातलं. दोनच वाक्यं. ‘यान हलवायला पाठवलं होतं मला, त्याला चार मिनिटं लागली. उरलेली सात मी यानात बसून होतो, कारण मला बाहेर यायचं नव्हतं.’ कंपनीतलं प्रत्येक वाक्य मालकाला ऐकावंच लागतं, तेव्हा हेही ऐकेल, असा त्यांचा अंदाज होता.

अंदाज चुकला. ‘पाठवलं होतं मला’ एवढं ऐकू आलं की मेहुणा स्क्रीन थांबवायचा आणि म्हणायचा, मागचा दिवा फार पिवळा दिसतोय. दिवा सहा वेळा बदलून झाला.

त्यातच खेळाडूंकडून चाचणी करून घ्यायची वेळ आली. बाहेरची आठ माणसं बोलावून खुर्च्यांवर बसवली. नऊ लेव्हल त्यांनी मन लावून माणसं मारली. शास्त्रज्ञापाशी पोचल्यावर आठपैकी पाच जणांनी कंट्रोलर खाली ठेवला. एकाने विचारलं, याला थोडा वेळ एकटं सोडता येतं का.

कंपनीत जे नीट चालत नाही त्याला बग म्हणतात, आणि प्रत्येक बग यादीत चढतो. हाही चढला: ‘खेळाडू शत्रूला मारत नाहीत. गंभीर.’ त्याच्यापुढे प्रोग्रामरबाईंनी उपाय लिहिला, ‘शास्त्रज्ञाचं दुःख थोडं कमी करणे’, आणि कामाला दोन दिवस मागितले.

मेहुण्याला आयतंच कारण मिळालं. तो दाजींच्या टेबलापाशी येऊन त्यांच्या स्टेपलरशी खेळत उभा राहिला. पंचाण्णव किलोचा माणूस. त्याची बहीण त्याला शेवटपर्यंत बाळ्या म्हणायची.

“दाजी, अकरा मिनिटं जरा जास्त वाटतात. पाच करू या?”

“पाचात तो परत पोचतो, बाळ्या.”

मेहुण्याने स्टेपलर खाली ठेवला. मग म्हणाला की मिनिटं राहू द्या, बायकोच काढा. बायको म्हटलं की लोक हळवे होतात. सहकारी करा.

दाजी हो म्हणाले. हल्ली ते सगळ्यालाच हो म्हणत. नाही म्हटलं की कारण द्यावं लागतं. त्यांनी बायकोची सहकारी केली. शास्त्रज्ञाचा आवाज देणाऱ्या गृहस्थांना पुन्हा बोलावलं. हे गृहस्थ मूळचे लिफ्टमधल्या सूचनांचे. त्यांनी कितीही दुःखाने वाक्य म्हटलं तरी पुढचा मजला येणार असं वाटायचं. ‘माझी सहकारी गेली,’ ते म्हणाले, आणि दार उघडायची वाट बघत सगळे थांबले.

सहकारीच्या वेळी आठपैकी सहा जणांनी मारलं नाही. त्यांच्या मते या दोघांमध्ये काहीतरी होतं आणि बिचाऱ्याला ते कधी बोलता आलं नाही.

मग सहकारीचा कुत्रा केला. सात जणांनी मारलं नाही. आठव्याने मारलं, पण त्याला कुत्रा चावलेला होता.

मग कुत्र्याचं रोप केलं, कुंडीतलं. शास्त्रज्ञ यान हलवून परत येतो तो शेवटचं पान गळालेलं. हे लिहिताना, यावर तरी कोणी विरघळणार नाही, अशी दाजींची खात्री होती. आठच्या आठ जणांनी कंट्रोलर ठेवले. एका बाईंनी अभिप्रायाच्या कागदावर रोपाचं नाव विचारलं. एक जण म्हणाला, साध्या रोपासाठी जो माणूस सूर्य विझवायला निघतो, त्याच्याशी घरात कोणी बोलत नसणार.

हा कागद दाजींनी दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

शेवटी मेहुण्याने कारणच काढून टाकलं. रोप नाही, यान नाही, मिनिटं नाहीत. शास्त्रज्ञ वाईट आहे आणि त्याला सूर्य विझवायचा आहे. बोलणं बंद, नुसतं हसणं ठेवा. लिफ्टवाल्या गृहस्थांनी चार प्रकारे हसून दिलं. आठच्या आठ जणांनी त्याला चाळीस सेकंदांत मारलं आणि शत्रू कसा वाटला या प्रश्नापुढे ‘ठीक’ लिहिलं. प्रोग्रामरबाईंनी बग बंद केला. सोमवारी गेम बाहेर पाडायचं ठरलं.

दाजींनी घरी जाऊन कपडे धुवायला टाकले. आता मेहुण्याला सांगायला गेममध्ये जागा नव्हती, आणि घरी तर ती नव्हतीच. असं ठेवून माणूस किती वर्षं काढू शकतो याचा त्यांनी विचार करून पाहिला. बरीच, असं उत्तर आलं.

गेम बाहेर पाडण्याआधी कंपनीत एक रीत होती, मालकाची फेरी. शेवटची लेव्हल मालकाने स्वतः खेळायची, छोट्या खोलीत, दार लावून, मध्ये एकदाही न थांबवता. थांबवलं की चुका लपतात, हे मेहुण्याचंच म्हणणं होतं आणि नियमही त्याचाच. शेजारी वही घेऊन लेखकाने बसायचं. शुक्रवारी दुपारी जेवणं उरकल्यावर दोघे आत गेले. खोलीत दोन खुर्च्या आणि एक स्क्रीन. एसीचं पाणी गळायचं म्हणून त्याखाली बादली ठेवलेली.

मेहुणा वाईट खेळायचा. तीनदा खड्ड्यात पडला. चौथ्यांदा प्रयोगशाळेचं दार उघडलं.

शास्त्रज्ञ पाठमोरा उभा होता. वळला. बोलायला लागला.

आवाज नव्हता; हसणं फक्त गोळी लागल्यावर वाजायचं. प्रोग्रामरबाईंनी वाक्यं काढली होती, म्हणजे त्यांचा आवाज बंद केला होता. तोंडाची हालचाल वेगळ्या फाइलमध्ये असते, ती पहिल्या वाक्यांचीच राहिली होती हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आठ जणांनी दार उघडताच त्याच्यावर गोळ्या झाडायला सुरुवात केली होती, त्यामुळे तो बोलतो की काय हे बघायला कोणी थांबलंच नव्हतं. आता समोर एक म्हातारा माणूस कळवळून, हात हलवून, अगदी नीट समजावून काहीतरी सांगत होता, आणि खोलीत फक्त बादलीत पाणी पडत होतं.

मेहुण्याचा अंगठा बटणावर गेला. थांबवायचं नाही हे त्याला आठवलं. त्याने अंगठा काढला.

शास्त्रज्ञाचं बोलून झालं. समोरून काही उत्तर नाही म्हणून त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा.

“तेच म्हणतोय का हा?” मेहुणा स्क्रीनकडेच बघत म्हणाला. “मी पाठवलं म्हणून?”

“पुढचं तू कधी ऐकलंच नाहीस.”

“काय आहे पुढे?”

दाजींनी वही मिटली. हे वाक्य त्यांना पाठ होतं, तरी म्हणताना ते लिफ्टवाल्या गृहस्थांसारखंच यायला लागलं, एकेक शब्द मोजून.

“गाडी काढायला चार मिनिटं लागली. सात मिनिटं मी गाडीतच बसून होतो. मला वर यायचं नव्हतं.”

 मेहुण्याने विचारलं की झोप लागली होती का. दाजी नाही म्हणाले. झोप लागली असती तर सांगायला सोपं गेलं असतं. जागे होते आणि बरं वाटत होतं.

“मला वाटायचं तुम्ही मला बोलताय,” मेहुणा म्हणाला. “सहा दिवे बदलले मी.”

“पहिलाच बरा होता.”

शास्त्रज्ञ पाचव्यांदा हात हलवून सांगत होता. मेहुण्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला. त्याच्या मांडीवर तो खेळण्यातला वाटत होता.

“दाजी, मीही आत नव्हतो.”

दाजींनी त्याच्याकडे पाहिलं.

तुटक तुटक बोलत मेहुण्याने सांगितलं. फोनवर आवाज नीट येईना म्हणून तो व्हरांड्याच्या टोकाला गेला होता, जिन्यापाशी, खिडकीजवळ. परत आला तेव्हा नर्स पडदा ओढत होती. तो दारातून मागे फिरला तोच दाजी समोर आले. दाजींना वाटलं तो आतून बाहेर आला. त्यानेही तसं वाटू दिलं.

चौदा महिने दाजींनी एका गोष्टीवर ढकलले होते. आपण नव्हतो, पण तिचा भाऊ तरी होता. रात्री कूस बदलताना हेच ते स्वतःला सांगायचे, आणि त्याने अर्ध्याअधिक वेळा झोप लागायची. आता तेही गेलं. राग यायला हवा होता. त्यांनी थोडी वाट पाहिली. राग निघाला असेलही, पण त्यालाही नऊ लेव्हल चढून यायचं होतं.

“फोन कोणाचा होता?”

“टोप्यांचा. आधीच्या गेमच्या. पहारेकऱ्यांच्या टोप्या निळ्या ठेवायच्या की करड्या, विचारत होते.”

“काय सांगितलंस?”

“करड्या.”

दाजींनी मान हलवली. करड्याच बऱ्या होत्या. ते बोलून दाखवण्यात अर्थ नव्हता, आणि न बोलण्यातही नव्हता, म्हणून ते बोलले. मेहुणा हसायला गेला. ते जमलं नाही. त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि बराच वेळ बाही तशीच तोंडावर धरून ठेवली. दाजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ रुंद होती, हात कुठे ठेवावा तेच कळेना, म्हणून मधोमध ठेवला.

बाहेरून बाईंनी दार वाजवलं, झालं का विचारायला. दार उघडलं नाही तेव्हा त्या परत गेल्या.

“सोमवारचं राहू दे,” मेहुणा म्हणाला. “ताईला परत घाला. म्हणजे याच्या बायकोला. आवाजही घाला.”

“लोक मारणार नाहीत मग.”

“नको मारू देत.” त्याने कंट्रोलर उचलून टेबलावर ठेवला. “याला मेहुणा आहे का हो?”

“याला? नाही.”

“ठेवा एक. बाहेर, जिन्यापाशी. फोनवर.”

दाजींनी वही उघडली आणि लिहून घेतलं. मग एक अडचण सांगितली. खेळाडू जिन्याने येणार, म्हणजे आधी मेहुणाच सापडेल. त्याला मारता यावं की नाही?

मेहुणा विचारात पडला. मालक म्हणून तो असे निर्णय रोज घ्यायचा.

“येऊ दे. पण आधी त्याचं बोलून होऊ दे.”

“काय बोलतो?”

“ते तुम्ही बघा. लेखक तुम्ही आहात.” मग म्हणाला, “फार जाडा नका करू त्याला.”

“ओळखू यायला पाहिजे ना, बाळ्या,” दाजी म्हणाले, आणि त्यांनी जिन्याची रुंदी किती ते विचारलं.