बाईसाहेबांचा पान्हा

मी पहिली धार काढली तेव्हा झेरॉक्सनं गाय फक्त पुस्तकात पाहिली असेल. तिच्या वडिलांचं झेरॉक्सचं दुकान, म्हणून तिचं नाव झेरॉक्स. कॉलेजात नवी होती तेव्हा शेण दिसलं की सलवार वर धरून उडी मारायची. अशी मुलगी माझी रूममेट, आणि वर गोठ्यातली जोडीदारही तीच. नशीब म्हणतात ते हेच.

आमच्या शेतकी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला दोन मुलींना मिळून एक गाय देतात. वैरण, झाडलोट, धार, सगळं वर्षभर दोघींनीच करायचं. आमच्या वाट्याला आलेल्या गाईला अख्खं कॉलेज बाईसाहेब म्हणायचं, कारण तिथे फक्त तिची मर्जी चालायची. आणि त्या मर्जीत बसली कोण? झेरॉक्स! माझ्या हाताला ही गाय चक्क पान्हा चोरायची. कास धुवा, कुरवाळा, पेंड घाला, थेंब नाही. झेरॉक्स नुसती शेजारी आली की चारही सड भरून टम्म. तेही ही बया अंगठा दुमडून, सड ओढून, साफ चुकीच्या पद्धतीनं धार काढायची. बघवत नव्हतं मला. धार काढणं आमच्या रक्तात आहे हो, आणि कौतुक हिचं?

"तुझं काहीतरी चुकतंय बहुतेक," ती एकदा म्हणाली. तेही प्रेमानं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

वर्षाच्या शेवटी धारेची परीक्षा असते. त्यात जिची धार चांगली, तिच्या हाती सर उन्हाळ्याच्या सुट्टीत गोठा सोपवायचे. तिथे टिकली की पुढच्या शिक्षणाला सर स्वतःकडे घ्यायचे. मला ते हवंच होतं. घरचा गोठा दादाकडे गेला होता. गेल्या सुट्टीत मी सवयीनं बादली उचलली तर वहिनी हसून म्हणाली, "राहू द्या ताई, तुम्ही आता पाहुण्या." कुठेतरी एक गोठा माझा म्हणावा असा हवा होता मला, आणि मध्ये उभी होती ही दुकानातली बाहुली.

परीक्षेच्या सकाळी तिनं स्वतःचा एप्रन माझ्यापुढे धरला. "हा घाल. तिला वास ओळखीचा वाटेल."

नको म्हणायचं जिवावर आलं होतं आणि हो म्हणायचंही. घातला. झेरॉक्स गव्हाणीपाशी उभी राहून बाईसाहेबांशी नेहमीसारखी वटवट करत होती. मी खाली बसले, आणि काय सांगू, गाय पान्हवली! मी पूर्ण मुठीनं, एका लयीत बादली फेसानं भरली. मग उरलेल्या दोन सडांवर झेरॉक्सची पाळी आली. दूध तिलाही आलं, पण सरांनी दुमडलेला अंगठा पाहिला आणि नकारार्थी मान हलवली. सुट्टीतला गोठा मला मिळाला.

"बघ, म्हटलं होतं ना!" असं म्हणत तिनं मला मिठी मारली. तिला वाईट वाटायला हवं होतं. निदान थोडंसं तरी वाटायला काय हरकत होती?

सुट्टी लागली, ती घरी गेली. एप्रन माझ्यासाठी ठेवून गेली. त्या संध्याकाळी तो घालून मी बाईसाहेबांपाशी बसले. काही नाही. सकाळी बसले, तरी काही नाही. कास दगडासारखी झाली. गोठ्यातले काका म्हणाले, "असंच राहिलं तर सडाला सूज येईल. सरांना सांगावं लागेल."

सर येणार, दुधाच्या नोंदीच्या फळ्यावर आमच्या गाईपुढची कोरी जागा बघणार आणि गोठा दुसऱ्या कुणाला देणार. मी डोकं धरून बसले. आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. परीक्षेला एप्रन माझ्या अंगावर होता, पण तोंड तिचं चालू होतं.

मी पण बोलून पाहिलं. "जेवलात का बाईसाहेब?" म्हटलं. बाईसाहेबांनी तोंड फिरवलं.

झेरॉक्सला फोन लावताना मला स्वतःचीच लाज वाटत होती. कारण सांगितल्यावर ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. "अगं बाई, दुखत असेल तिला! स्पीकरवर टाक."

मी फोन गव्हाणीच्या काठावर ठेवला. "काय गं शहाणे, रुसलीस होय? मी नाही तर काय झालं?" आतून आवाज आला. बाईसाहेबांचे कान ताठ झाले. त्यांनी फोन हुंगला, हंबरल्या, आणि माझ्या हातातला सड भरत गेला. मी धार धरली. वर्षभर माझे हात, माझी वैरण, माझं झाडणं, आणि ही त्या डबीतल्या आवाजावर पाघळली. मला रडू आलं. रागानंच आलं, दुसरं काही नाही.

"आणि तिला छळू नकोस हं," झेरॉक्स गाईला सांगत होती. "तिचा फार जीव आहे तुझ्यावर. तिला बोलता येत नाही, एवढंच."

मी दात आवळून पुढचे दोन सड रिकामे केले. मागचे दोन तसेच भरलेले होते.

"झालं ना? ठेवू का आता?" तिनं विचारलं.

"नको," मी म्हटलं. "बोलत राहा."