शेवंतीकाकूंना घोडा नको

अरे ऐका ना, आकांक्षाची आई, म्हणजे आपल्या शेवंतीकाकू, माथेरानला उतरल्या आणि पहिलं वाक्य काय? "माका घोडो नको!"

दस्तुरी नाक्याला गाड्या संपतात. पुढे लाल माती, चाला नाहीतर घोड्यावर बसा. आणि शेवंतीकाकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीत झालेलं! डॉक्टर चाला म्हणाले होते, पण धनेश, आकांक्षाचा भाऊ, ऐकेचना. लालबागला तिसरा माळा, लिफ्ट नाही, आईला विरारला तळमजल्यावर न्यायचं, ठरलं त्याचं.

निघण्याआधी घरीच काकू त्याला म्हणाल्या, "माथेरानच्या पॉइंटापर्यंत चालान दाखवतंय. मगे बोल."

"चाललीस तर लालबाग," धनेश हसला. "घोड्यावर बसलीस तर विरार."

आता घोडेवाला पाठच सोडेना. "मावशी, बसा ना, लांबाय अजून." आकांक्षाला दर वळणावर वाटे, बसव यार हिला, गुडघा गेला तर धनेश मलाच खाईल. बाजार ओलांडला आणि चढावर काकू मटकन दगडावर बसल्या. तोंड पांढरंफटक. घोडेवाल्याने घोडा पुढे आणलाच.

काकूंनी काय करावं? डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि भर रस्त्यात देवाला गाऱ्हाणं घातलं, कोकणात घालतात तसं! "बा देवा म्हाराजा!"

गाऱ्हाण्याला मागून साथ लागते, नाहीतर ते देवापर्यंत पोचत नाही. बाजूला सेल्फीवाली पोरं. आकांक्षा पुटपुटली, "व्हय म्हाराजा."

"तोंडात पेढो हा काय? मोठ्यान म्हण!" काकू खेकसल्या. "गुडघ्यात जा काय वाकडानडा असात, ता दूर कर रे म्हाराजा!"

मग मात्र आकांक्षाने लाजबिज सोडली. गणपतीच्या आरतीला लावते तो आवाज लावला, "व्हय म्हाराजा!" घोडा बिचकला. पोरांनी मोबाइल खाली केले.

"माझ्यार घोड्यार बसाची पाळी आणू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरं ओरडली, आणि त्यांच्यात घोडेवालाही! अरे, स्वतःच्याच धंद्यावर पाणी सोडून!

काकू उठल्या. थांबत, कण्हत, आकांक्षाचा दंड आवळत, पण पॉइंटवर पोचल्या. दरीकडे बघितलंसुद्धा नाही, आधी धनेशला व्हिडिओ कॉल. कॅमेरा धरला तो लाल झालेल्या बुटांवर.

"बघितलंस? आता आपल्या जिन्याक कठडो बसवून घे."

"आई, परत पण यायचंय तुला!"

"मगे? उतारच हा."

घोडेवाल्याने आशेने आकांक्षाकडे बघितलं. ती खाली बसून आईच्या बुटाची नाडी घट्ट बांधत होती. मान वर न करताच म्हणाली, "दादा, घोडा नको."