शेवटच्या कडव्याआधीचा श्वास

आधी क्षमा मागतो. गाण्यातलं मला फारसं कळत नाही, इंग्रजी गाण्यातलं तर मुळीच नाही. जिंतूरच्या एसटी आगारात टायर बदलणाऱ्या माणसाचा मी मुलगा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला, आणि आता तोक्योतल्या एका विद्यापीठात धातूंना पडणाऱ्या बारीक भेगांचा अभ्यास करतो. ज्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे त्यांना एके काळी हजारो लोकांनी ऐकलं, आणि लिहिण्याचा अधिकार त्या हजारोंपैकी कुणाचा तरी असायला हवा. तरीही लिहितो, कारण त्या हजारोंपैकी कुणाच्याही हातून जे घडलं नाही ते माझ्या हातून घडलं.

डोळे मिटले की मला नोरीन-सान, म्हणजे आपल्याकडच्या रीतीनं नोरीनबाई, यांचा आवाज ऐकू येत नाही. ऐकू येतो तो आवाजाच्या आधीचा श्वास. डावा हात बरगड्यांच्या खाली अलगद ठेवायचा, मान किंचित उजवीकडे कलायची, आणि मग ती लांब, शांत ओढ, भरतीचं पाणी खाडीत शिरताना किनाऱ्यावरचे गोटे जेमतेम हलावेत तशी. तोक्योलगतच्या आमच्या ग्योतोकुच्या वस्तीत ऑक्टोबरात किनमोकुसेईची केशरी फुलं कुठल्या कुंपणामागे फुलली आहेत ते दिसत नाही, नुसता वास रस्ताभर पसरतो. त्यांचं गाणं असंच होतं. ते कुठे सुरू झालं हे सांगता येत नसे. श्वास मात्र प्रत्येक वेळी सापडायचा.

त्यांच्याकडे मला शुभदाकाकूंनी नेलं. काकूंचे यजमान इथल्या एका बँकेत बदलीवर आहेत आणि काकू निशी-कसाई या भारतीयांच्या वस्तीतल्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याला स्वतःची जबाबदारी समजतात. माझं प्रबंधाचं सादरीकरण इंग्रजीत व्हायचं होतं आणि चार माणसांसमोर माझी जीभ टाळ्याला चिकटत होती. "अरे, तुझं इंग्रजी वहीत आहे, तोंडात नाही," काकू म्हणाल्या. "रविवारी सकाळी चल माझ्याबरोबर. आमची नोरीन गाणं शिकवता शिकवता बोलायला लावते. आणि गंभीर चेहरा करून बसू नकोस, तिला हसणारी माणसं आवडतात."

वस्तीच्या सभागृहातल्या त्या वर्गात आठ-दहा जपानी आज्या, काकू आणि मी. नोरीन-सान यांनी माझा पहिला परिच्छेद ऐकून घेतला आणि विचारलं, "तुझ्या मागे कोण लागलंय?"

मी गोंधळून म्हणालो, "कुणी नाही."

"मग वाक्य संपायच्या आधीच पळतोस कशाला? इथे थांब. श्वास घे. लोक कुठे जात नाहीत. या देशातले तर मुळीच नाहीत." आज्या तोंडावर हात धरून हसल्या. काकू मराठीत पुटपुटल्या, "ऐक जरा, माझं तर ऐकत नाहीस."

त्यांची कहाणी मला तुकड्यातुकड्यांनी कळली. इंग्लंडमधल्या तीन मुलींच्या एका गटात त्या मधोमध उभ्या राहत; भिंतींवर त्यांची चित्रं लागत. तेविसाव्या वर्षी गट सोडून त्या एकट्या निघाल्या. त्यांची स्वतःची पहिली ध्वनिमुद्रिका त्यांच्या देशात जेमतेम एक ऋतू टिकली. जपानात मात्र ती विकली गेली. इथे एक रीत होती : परदेशातून येणारी तबकडी स्वस्त पडे, म्हणून इथल्या आवृत्तीत शेवटी एक जादा गाणं घालत, जगात दुसऱ्या कुणालाही न मिळालेलं. नोरीन-सान यांनी ते गाणं याच देशासाठी गायलं होतं आणि ते घेऊन त्या तोक्योच्या मोठ्या रंगमंचावर उभ्या राहिल्या. गटातून गाताना समोरच्या किंकाळ्यांत स्वतःचा आवाज ऐकू येत नसे. इथे समोर दोन हजार माणसं आणि पान हलल्याचाही आवाज नाही. त्यांना वाटलं, हा नकार आहे. शेवटच्या कडव्याआधी त्यांचा धीर सुटला आणि गाणं तिथेच टाकून त्या आत निघून गेल्या. शेवटचा सूर हवेत विरेपर्यंत हातही न हलवणं हाच इथला आदर आहे, हे त्यांना कुणीतरी सांगितलं तेव्हा सभागृह रिकामं झालं होतं.

पुढचं आयुष्य म्हणजे त्या चुकीभोवतीची प्रदक्षिणा असावी. मोठे रंगमंच संपले, आणि त्या परत आल्या त्या याच देशात. जाहिरातींच्या दोन ओळी गायल्या. हॉटेलांतल्या लग्नाच्या प्रार्थनागृहांत शनिवारी चार-चार जोडप्यांसाठी तेच एक स्तोत्र गायलं. केस पांढरे झाले, पण पाठीचा कणा रंगमंचावरचाच राहिला. कचरा वेगळा करण्याच्या दिवशी प्लॅस्टिकच्या बाटल्यांवरचे कागद सोलताना त्या गुणगुणत, आणि शेजारच्या आज्या आपापल्या पिशव्या घेऊन मुद्दाम हळू चालत. ते जादा गाणं मात्र त्यांनी पुन्हा कुठेच गायलं नव्हतं.

भेग एका दिवसात पडत नाही, हे माझ्या विषयाचं पहिलं वाक्य आहे. धातूच्या पोटात ती अनेक वर्षं वाढते आणि एक दिवस पृष्ठभागावर येते. त्या शरद ऋतूत त्यांच्या आवाजाला कापरा किनारा आला. स्वरतंतूवर गाठ निघाली. शस्त्रक्रिया इंग्लंडला, बहिणीच्या गावी. एका रविवारी वर्ग संपताना त्या म्हणाल्या, "नंतर गाता येईल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. ते गाणं इथल्या लोकांचं आहे. मी त्यांना ते अर्धंच दिलं. जाण्याआधी एकदा पुरं द्यायचंय."

नोव्हेंबरच्या अखेरीस, भर दुपारी, एका छोट्या सभागृहात साठ खुर्च्या मांडल्या. खिडकीबाहेर गिंकोची झाडं इतकी पिवळी झाली होती की आतल्या माणसांच्या चेहऱ्यांवर त्यांचा उजेड पडला होता. पन्नाशी-साठी उलटलेली माणसं मांडीवर जुन्या तबकडीची पुस्तिका जपून धरून बसली होती. तीस वर्षं त्यांनी ते एक कडवं समोर बसून ऐकण्याची वाट पाहिली होती, आणि कुणाच्याही चेहऱ्यावर तक्रार नव्हती. गाणं न ऐकलेला मी एकटाच असेन.

त्या गायल्या. आवाज जीर्ण रेशमासारखा जागोजागी विरलेला, पण वीण शाबूत होती. मग शेवटच्या कडव्याआधी त्या थांबल्या. पियानोही थांबला; वादक बाईंचे हात पट्ट्यांवर अधांतरी. एक क्षण गेला, दुसरा गेला. नोरीन-सान यांचा डावा हात बरगड्यांखाली गेला, डोळे मिटले. मला वाटलं, आठवत नाही. मला वाटलं, दुखतंय.

आमच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये कुणी पोर गाणं विसरलं की गुरुजी आधी टाळ्या वाजवत आणि मग सगळा मांडव वाजवी. पोराला मान खाली घालून उतरावं लागू नये म्हणून. तिसरीत असताना मी असाच विसरलो होतो. त्या टाळ्यांच्या आधारानं मी पायऱ्या उतरलो. माणसांच्या चांगुलपणाची माझी पहिली आठवण तीच आहे.

मी टाळ्या वाजवल्या.

दोन-तीन टाळ्या एकट्याच गेल्या. मग, पाहुण्याला एकटं पडू द्यायचं नाही म्हणून असेल, शेजारच्या गृहस्थांनी हात उचलले, त्यांच्या पाठोपाठ सगळ्या सभागृहानं. वादक बाईंचे हात सावकाश मांडीवर उतरले. नोरीन-सान यांनी डोळे उघडले. छातीत भरलेला तो श्वास मी त्यांना सोडून देताना पाहिला. मग इथे शिकलेलं, कमरेतून खोल, दीर्घ वंदन त्यांनी केलं, आणि गाणं तिथेच संपलं.

ज्यांच्याकडून मी श्वास शिकलो त्यांचा श्वास मला ओळखता आला नाही.

दारात त्या प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत घेत होत्या. माझाही घेतला. "आलास, बरं वाटलं," एवढंच म्हणाल्या. माझ्या मागे रांग होती; क्षमेचं वाक्य इंग्रजीत जुळेपर्यंत मी पायऱ्यांवर होतो. त्याच आठवड्यात त्या इंग्लंडला गेल्या.

सायकलतळापाशी काकूंनी मला गाठलं. "काय घाई झाली होती रे तुला?"

"मला वाटलं, त्या विसरल्या."

"मग? विसरू द्यायचं ना!" काकू म्हणाल्या. माझा चेहरा पाहून त्यांनी पिशवीतला डबा माझ्या हातात कोंबला. "साबुदाण्याची खिचडी आहे. गार झाली असेल."

डिसेंबरात जुन्या तबकड्यांच्या दुकानातून मी ती तबकडी आणली. ते गाणं ऐकलं. त्या जागी तबकडीतही थांबा आहे, एका श्वासाएवढा. म्हणजे तो गाण्याचाच भाग होता. मी यंत्र बंद केलं. शेवटचं कडवं जगात उरलं आहे ते फक्त त्या तबकडीत, आणि मी आजवर त्याच्या उंबऱ्याशी येऊन परतत आलो आहे. ज्यांचं ते होतं त्यांना ते समोर ऐकायला मिळालं नाही, मग मला ऐकण्याचा काय हक्क?

फेब्रुवारीत माझं सादरीकरण झालं. तिसऱ्या आकृतीशी मला पुढचं वाक्य सापडेना. मी डावा हात बरगड्यांखाली ठेवला आणि श्वास घेतला. किती वेळ गेला, ठाऊक नाही. समोरचे प्राध्यापक हलले नाहीत. कुणी खोकलं नाही, कुणी मदतीला धावलं नाही. ती शांतता हातांनी तोलून धरावी तशी त्यांनी माझ्यासाठी धरून ठेवली, आणि वाक्य आलं. मला पदवी मिळाली.

वसंत गेला. वर्गाचा कागद सूचनाफलकावरून निघाला. त्या जागी चार टाचण्यांची भोकं राहिली. मी नोरीन-सान यांना दोन पत्रं लिहिली आणि पत्ता नाही या सबबीखाली ठेवून दिली.

मे महिन्यात निशी-कसाईतल्या किराणा दुकानात, पोह्यांच्या पाकिटांपाशी काकू भेटल्या. "बरं झालं दिसलास. नोरीनचं पत्र आलंय." मी पाकीट खाली ठेवलं. गाठ साधी निघाली होती. जिवाला धोका नव्हता. बोलता येत होतं, कुजबुजल्यासारखं. "गाणं मात्र गेलं रे," काकू म्हणाल्या. "डॉक्टरांनी कायमचंच नाही म्हटलंय." थोडा वेळ त्या पिशवीचा बंद सारखा करत राहिल्या. "आणि तुझी चौकशी केलीय."

"काय लिहिलंय?"

"सादरीकरणात श्वास घेतलास का, विचारतेय."

बाहेर शाळा सुटली होती. मुलं जपानीत काहीतरी ओरडत सायकलींवरून जात होती. "घेतला," मी म्हणालो, काकूंना की आणखी कुणाला, ते कळलं नाही. माणूस आपल्यापासून दूर गेल्यावर त्याच्या एका श्वासाएवढी जागा मागे राहते. काळाला ती भरता येत नाही. तो आपल्याला फक्त तिच्यासमोर हात आवरून बसायला शिकवतो, आणि तेही उशिरा.